तापीफुईचं दार

शाळेत दुसरीचा वर्ग घेत होते, तेव्हा अक्कलकुव्याच्या एस.टी.चा कंडक्टर दाराशी येऊन उभा राहिला. आमच्या गावचाच मुलगा. टोपी काढून हातात धरलेली. "बाई, तुमना घरथून निरोप शे," तो म्हणाला, "तापीबाई गयी." पोरं मोठ्यांदा पाढे म्हणत होती. त्यांना गप्प बसवायचंही मला सुचलं नाही. तापीबाई म्हणजे माझी फुई, वडिलांची धाकटी बहीण. त्याच गाडीनं मी अक्कलकुव्याला निघाले.

घरी पोचले तर सगळे तिच्याच खोलीत बसले होते. उन्हाळा मी म्हणत होता आणि घरात गार अशी ती एकच खोली. एक दूरचे पाहुणे भिंतीला पाठ टेकून बसले होते. त्यांनी मागे हात नेऊन भिंत थोपटली आणि म्हणाले, "काय भिंत शे! इतला वरीस व्हयनात, एक तडा नही." आणि माझे वडील, आबा, बहिणीच्या दुःखात डोळे पुसत असतानाही म्हणालेच, "आमना याहीनं काम शे ते." याही म्हणजे व्याही. मी आईकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती... त्या भिंतीची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ती बोलायची मात्र नाही, असा अलिखित करारच आहे जणू. आज मी तो मोडते आहे. आबा हे वाचतील. वाचू देत.

फुईला नवऱ्यानं टाकलं होतं. त्यानं दुसरी केली आणि ही पत्र्याची एक पेटी घेऊन माहेरी परत आली. रडत बसणारी ती नव्हती. बाजारातल्या शिंप्याच्या बायकोकडून शिवण शिकली, हातानं फिरवायचं एक जुनं मशीन मिळवलं आणि डोंगरातल्या आदिवासी बायकांच्या चोळ्या शिवू लागली. बाजाराच्या दिवशी त्या खाली उतरत. डोंगरातल्या काठी गावची मोठी होळी जवळ आली की तिला जेवायला फुरसत नसे. घेर, बाह्या, काठाला कुठला रंग, हे सगळं ती त्यांच्याच बोलीत बोलायची आणि त्यांच्याबरोबर खो-खो हसायची. हसताना तिचे खांदे हलायचे. आमच्या घरात ती तशी हसलेली मला आठवत नाही.

अडचण एकच होती. ह्या बायका घरात यायच्या कशा? त्यांनी आणलेली मोहाची फुलं, चारोळी, डिंक आबांच्या दुकानातून आमच्या घरात खुशाल येई. त्या बायकांनी मात्र ओटा ओलांडायचा नाही. तसं कुणी तोंडानं म्हणत नसे, म्हणायची गरजच नव्हती. मग त्या मागच्या गल्लीत उन्हात बसून राहत आणि फुई कुडावरून चोळ्या देई. अंगावर घालून बघायची सोय नाही. एकदा एका गरोदर बाईला तिथेच भोवळ आली. फुईनं कुडावरून तांब्या दिला आणि त्या संध्याकाळी आबांना म्हणाली, "भाऊ, मले मांगे एक खोली बांधी दे. माल मन्हा. फक्त तिले गल्लीकडे दार पाहिजे."

आबा हो म्हणाले. पैसे तिचेच लागणार होते, तेव्हा नाही म्हणायला कारण नव्हतं.

गवंडी कोण पाहायचा, ह्याची तेव्हा गावात एक रीत होती. पुरुषमाणसं पारावर बसून विचारत, चुना कुणाचा चांगला, विटा कोण चोरत नाही, काम अर्धं टाकून कोण पळत नाही. फुईनं वेगळंच केलं. शिवलेल्या चोळ्या, झबली पोचवायच्या निमित्तानं ती नव्यानं बांधलेल्या घरी जाई आणि थेट चुलीशी जाऊन बसे. मी शाळेतली पोर, शेपटासारखी तिच्यामागे. ती घरच्या बाईला विचारायची, "घर कोनी बांधं ते नको सांगू, माय. बांधतांना तुले कोनी इचारं का, ते सांग." बायका आधी हसत. मग सांगू लागत... खिडकी कशी नको तिथे पडली, चूल कशी वाऱ्याच्या तोंडाला आली. एकीनं मात्र सांगितलं की रतन गवंड्यानं तिच्या स्वयंपाकघराची भिंत छातीपर्यंत आणून हात थांबवला होता. मालक म्हणाला, खिडकी नको, बुजव. रतन म्हणाला, बाई विहिरीवरून येऊ देत, तिला उजेड कुठून पाहिजे ते विचारतो. दुसऱ्या दिवशी फुईनं रतनला सांगून टाकलं, काम तुझं.

इथवर सगळं नीट झालं. पण कुसुमताई, माझी थोरली बहीण, शहाद्याला दिलेली, आणि तिचे सासरे बांधकामाचे ठेकेदार. त्यांच्या कानावर हे गेलं. ते स्वतः आले, ओट्यावर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "आम्ही जित्ता असतांना परका मानूस काम करी का, याही?" झालं! सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे आणि ह्यांच्याकडे ते सहज येई, हा वर आणखी एक युक्तिवाद. फुईनं आबांना परसात गाठलं. मी तुळशीशी उभी होते. ती म्हणाली, मी रतनला शब्द दिला आहे. आबांनी हात जोडल्यासारखे केले. "पोर त्यास्ना घरमा शे मन्ही. याहीले नही कसं म्हनू?"

ह्या एका वाक्यापुढे आमच्याकडे कुणाचंच काही चालत नाही. मुलगी दिली की तिच्याबरोबर 'नाही' म्हणायचा हक्कही देऊन टाकायचा. फुईनं ते गिळलं. पण तिनं व्याह्यांना जागेवर नेलं, चुन्याची फक्की हातात घेतली आणि जमिनीवर दोन रेघा मारल्या. इथून इथवर दार. तिनं लाकूडबाजारातून सागाची चौकट आणि दार आधीच करून आणलं होतं, आतून लोखंडी कडी. व्याह्यांनी ते हातानं ठोकून पाहिलं, वाखाणलं आणि त्या रेघांकडे बोट दाखवून म्हणाले, "हां बेन, हां. आठेच बसाडसूत."

त्याच सुमाराला कुसुमताईचं दुसरं बाळंतपण आलं. करायला कोण? फुईच. व्याह्यांच्याच घरी जाऊन तिनं त्यांच्या सुनेचं केलं. रात्रंदिवस शेक, काढे, दुपटी धुणं, वर त्या घराचा स्वयंपाक. आणि इकडे त्यांची माणसं भिंत चढवत होती.

ती परत आली ते पिशवी खाली न ठेवता थेट मागे गेली. खोली तयार होती. भिंती ओळंब्यात, फरशी गुळगुळीत, वर पत्रा. पण गल्लीकडची भिंत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. आत यायचं ते आमच्या माजघरातून. सागाचं दार चौकटीसकट कोपऱ्यात उभं होतं.

"भाऊ, मन्हं दार कोठे शे?"

आबा कानावर हात ठेवायच्या तयारीतच होते. भोक पाडलं तर भिंत कमजोर होते असं व्याह्यांचं म्हणणं आहे, ते म्हणाले. आणि मग, तिच्याकडे न बघता, "घरमाईन ये-जा कर ना. घर काय परकं शे?" खरं कारण मला आईकडून नंतर कळलं. व्याही आबांना म्हणाले होते, "एकली बाईनं दार गल्लीकडे नको. लोके काय म्हनतीन?" आबांनी मान डोलावली होती. ज्या बाईच्या हातचं जेवून हा व्याही आपल्या घरी रोज ढेकर देत होता, तिचीच त्याला लाज वाटत होती. ह्याचा मला तेव्हा राग आला होता आणि आजही येतो.

फुईनं भांडण केलं नाही. कसं करणार? बाळंतीण कुसुमताई त्याच घरात होती. तिनं ते दार ओढत ओढत खोलीतच गल्लीकडच्या भिंतीशी आणलं, चुन्याच्या रेघा जिथे मारल्या होत्या बरोबर तिथे, आणि खिळे मारून तारेनं बांधून उभं केलं. डोंगरातल्या बायका आणखी काही बाजारांच्या दिवशी गल्लीत आल्या, बसल्या. पुढच्या दाराशी दुकानात आबा बसलेले, त्यांच्या अंगावरून आत जायची कुणाची छाती होणार? हळूहळू त्या बाजारातल्या शिंप्याकडे वळल्या. फुई मग घरातल्यांची झबली, उशांचे अभ्रे आणि व्याह्यांच्या नातवंडांची टोपरी शिवत राहिली. तिचं ते खांदे हलवणारं हसू कधी थांबलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

दिवाळीत घर झाडताना ती त्या दाराची कडी काढायची. दार उघडलं की समोर भिंत. भिंतीवरची धूळ पुसायची, मशीनच्या तेलाची बुधली आणून कडीत, बिजागरीत थेंब थेंब सोडायची, दार लावायची आणि परत कडी घालायची. एकदा मी मोठी झाल्यावर, नोकरीला लागल्यावर विचारलं, "फुई, आता हे कशाला?" ती म्हणाली, "गंजी जाई ना, बेटा." एवढंच.

तिच्या दिवसांत बाजार आला. डोंगरातल्या काही म्हाताऱ्या बायकांना बातमी लागली होती. त्या पुढच्या दाराकडे आल्याच नाहीत. मागच्या गल्लीत, भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसल्या आणि सूर काढून रडल्या. आम्ही आत ऐकत होतो. मधे ती पक्की भिंत, एक तडा नाही. मी उठून फिरून गल्लीत गेले आणि त्यांच्याजवळ बसले. आबांनी मला हाक मारली नाही, हेही सांगायला हवं.

इथे लेख संपला असता. पण ह्या सुट्टीत पुन्हा अक्कलकुव्याला गेले होते. फुईची खोली आबांनी एका कारकुनाला भाड्यानं दिली आहे. कारकुनानं एकच अट घातली. दार स्वतंत्र पाहिजे, घरातून ये-जा बरी दिसत नाही. आबा लगेच हो म्हणाले. व्याह्यांनी दोन माणसं पाठवली. त्यांनी सकाळी भिंत फोडायला घेतली आणि दुपारच्या जेवणाआधी चौकट बसवूनही झाली. पत्रा हलला नाही, भिंत कमजोर झाली नाही. दार नवीन आणावं लागलं नाही... तारा कापल्या आणि होतं तिथेच, जरा मागे सरकवलं.

मिस्त्रीनं दार लावून पाहिलं. कडी बोटाच्या धक्क्यानं सरकली आणि कोयंड्यात बसली, आवाजसुद्धा न करता. तो चकित झाला. आबांकडे वळून म्हणाला, "इतलं जुनं दार, आन् कडी कशी काय नवी शे?"

कारकून आत गेला, त्यानं दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली.