बंद केला की कोण बोंबलतं

इस्पितळात पाण्याचे चारशे बारा व्हॉल्व्ह. त्यातला कुठला फिरवला की कुठल्या मजल्यावरचा नळ कोरडा पडतो, हे माहीत असलेली माणसं दोनच. एक फिटरमामा, ज्यांना ते तोंडपाठ होतं; आणि दुसऱ्या ट्रेसरबाई, ज्यांनी ते मामांच्या तोंडून काढून घेतलं. यातलं दुसरं काम जास्त अवघड, कारण मामा मुलखाचे घुमे.

बाईंची उमेदीची वर्षं ट्रेसिंग पेपरवर शाईच्या रेघा ओढण्यात गेली. मग एक दिवस त्यांचा ड्रॉइंग बोर्ड भांडारात गेला आणि टेबलावर कॉम्प्युटर आला. वयाच्या बावन्नाव्या वर्षी माऊस धरायचा म्हणजे खायचं काम नाही. तो टेबलावरून खाली पडायचा, ऑफिसातले दोघंतिघं तोंड फिरवून हसायचे. बाईंनी कुणाशी वाद घातला नाही. घरी गेल्या आणि मुलीला म्हणाल्या, "शिकव."

मुलगी रोज संध्याकाळी शिकवायला बसली. पलंगावरून सासूबाईंचे शेरे चालूच. "दिवसभर गोल नि चौकोन काढायचे, घरी आलं की परत गोल नि चौकोन! हिला पगार कशाचा देतात कोण जाणे."

एकदा मुलीनं एका आकृतीवर क्लिक केलं. बाजूला एक चौकट उघडली, तिच्यात रिकामे रकाने. "आई, हे नुसतं चित्र नाही. याच्या पोटात माहिती ठेवता येते. तुला हवे ते रकाने कर."

गॅसवरचं दूध उतू गेलं, पण बाई जागच्या हलल्या नाहीत. तीस वर्षं त्यांनी व्हॉल्व्हचं चिन्ह काढलं होतं, आणि तो व्हॉल्व्ह कशासाठी आहे ते एकदाही कागदावर मावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून वही घेऊन त्या मामांच्या मागे लागल्या. तळघर, गच्ची, जिन्याखालची अडगळ. नंबर काय, शेवटचा कधी तपासला, चाक कुठल्या बाजूला फिरतं. "हा कुठल्या विभागाला जातो?" विचारलं की मामा नुसते खांदे उडवायचे. वैतागून एकदा बाईंनी विचारलं, "बरं, बंद केला की कोण बोंबलतं?"

"तिसऱ्या मजल्यावरची स्वयंपाकीण," मामा ताडकन म्हणाले. "एकदा झाकण फेकून मारलं होतं."

झालं. शेवटच्या रकान्याचं नाव तेच पडलं: बंद केला की कोण बोंबलतं. अकरा महिन्यांत चारशे बारा आकृत्यांच्या पोटात चारशे बारा उत्तरं गेली.

इंजिनिअर साहेब वयानं लहान, कामाला चोख, पण फार टापटिपीचे. त्यांना तो रकाना खुपला. "बाई, बाहेरून तपासणीला माणसं येणार. हे काय लिहिलंय? 'वापरकर्ता विभाग' करा."

"वापरकर्ता विभाग विचारला तर मामा उत्तर देत नाहीत, साहेब. आणि पुढच्या महिन्यात मामा रिटायर होतायत."

साहेबांनी थोडा विचार केला. "ठीक आहे. मामा रजेवर असताना एकदा तुमच्या नकाशावर काम करून बघू. जमलं तर रकाना राहील. नाही जमलं तर पुसायचा."

बुधवारी सकाळी तळघरात एक जोड गळायला लागला. मामा रजेवर. दुसरा फिटर दोनशे अठरा नंबरच्या चाकावर हात ठेवून फोनवर थांबला. इकडे साहेबांनी आकृतीवर क्लिक केलं आणि वाचलं, "जुनं धुलाईघर. कोण बोंबलतं: कोणी नाही. वा! सोपं आहे की. करा बंद—"

"थांबा!" बाई एवढ्या जोरात ओरडल्या की शेजारच्या टेबलावरचा पेन खाली पडला. "चाकाला हात लावू नका!"

"अहो, तुमच्याच नकाशात लिहिलंय."

धुलाईघर तर दोनशे सतरावर आहे, हे आठवून बाईंनी तोवर शेजारच्या त्या आकृतीवर क्लिक केलं होतं. तीच तारीख, तीच बाजू, तेच धुलाईघर. आकृती कॉपी केली की पोटातली माहितीही सोबत येते. ही भरली त्या दिवशी जेवायची सुट्टी झाली होती, त्यांनी घाईत नंबर तेवढा बदलला होता. मामांना फोन करून एकदा खात्री करू, असं म्हणून त्यांना वेळ मारून नेता आली असती, कुणाला पत्ता लागला नसता. माऊसवरून हसणारेही सगळे हजर होते.

"लिहिलंय, पण चुकीचं," बाई म्हणाल्या. "मी लिहिलंय. चूक माझी आहे."

मग मामांना फोन लावला. "दोनशे अठरा?" मामा किंचाळलेच. "त्याच्यावर डायलिसिस चालतं!"

वर चार माणसं मशीनला जोडलेली होती. पाणी गेलं असतं तर त्यांचे उपचार अर्ध्यावर थांबले असते. फिटरनं चाकावरचा हात काढला, गळतीखाली बादली लावली आणि काम डायलिसिस संपल्यावर दुपारी करायचं ठरवलं.

ऑफिसात साहेबांनी फोन खाली ठेवला. म्हणाले, "असं अजून किती ठिकाणी झालंय?"

"माहीत नाही. चारशे बाराच्या चारशे बारा परत बघणार."

"मामा उद्या आले की तुमच्यासोबत देतो." रकान्याबद्दल ते काही बोलले नाहीत. बाईंनीही विचारलं नाही.

त्या सरळ जिना चढून डायलिसिसच्या खोलीत गेल्या. दोनशे अठराची माहिती पुन्हा भरायची होती, आणि आता ऐकीव काही भरायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. "सिस्टर, इथलं पाणी बंद झालं तर कोण बोंबलतं?"

सिस्टर बोलायच्या आधीच खिडकीजवळच्या पलंगावरून आवाज आला. "मी! लिहा. शिंपी, खिडकीजवळचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार. आवाज खणखणीत आहे म्हणावं." दंडात सुया, बाजूला मशीन, आणि म्हातारा मिश्किल हसत होता.

बाईंना हसू आलं. आपण भरतो त्या रकान्यात खरोखर कोण राहतं, ते त्यांना आज समोर दिसत होतं. त्या खाली आल्या आणि उभ्याउभ्याच टाइप केलं: शिंपी, खिडकीजवळचा, सोम-बुध-शुक्र, आवाज खणखणीत.

मागे साहेब उभे होते. स्क्रीनवर वाकून त्यांनी ते दोनदा वाचलं. आता पुसा म्हणतील, म्हणून बाईंनी आधीच सेव्ह करून टाकलं.

"बाई," साहेब म्हणाले, "मंगळ-गुरु-शनीला तिथं कोण असतं, तेही विचारून या."