गोलकीपरचे दोन शुक्रवार

आमचा क्लब वाईट होता हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मला पक्षपाती म्हणायला नको. लीगच्या दुसऱ्या गटात, त्यातही तळाशी. काचीगुडा स्टेशनात कामाला असलेले पाचसहा जण, गल्लीतले दोनतीन, मलकपेठेत रेसच्या घोड्यांना खरारा करणारा एक, आणि कप्तान म्हणून मिडल स्कूलचे एक मास्तर. सगळे अनवाणी खेळायचे. घोट्याला पट्टी गुंडाळली की झाला पोशाख. शर्ट एका रंगाचे होते म्हणे. धुऊन धुऊन तो रंग कुठला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मी स्वतः कधी खेळलो नाही. माझं काम बघायचं आणि बोलायचं. दफ्तरात अहलकार होतो, म्हणजे साधा कारकून. घरात तीन पिढ्यांची सरकारी नोकरी. दिवसभर साहेबापुढं मान खाली घालून ‘जी हां, जी हां’ करायचं, त्याची सगळी भरपाई मी शुक्रवारी करत असे. संस्थानात तेव्हा सुट्टी शुक्रवारची. जेवण झालं की चादरघाटचा पूल ओलांडायचा आणि मलकपेठेच्या माळावर जाऊन रेफरीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. माझा आवाज मोठा. लोक मॅच बघायला यायचे तसे काही मला ऐकायलाही यायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मी सांगतोय तो सीझन पोलीस ॲक्शनच्या आधीचा. देश स्वतंत्र झाला होता आणि आम्ही संस्थानातले लोक कुठं आहोत ते कुणाला सांगता येत नव्हतं. ओळखीची घरं एकेक करून कुलूपबंद होत होती. संस्थान वेगळंच राहिलं पाहिजे म्हणणारी माणसं खाकी कपडे घालून मोहल्ल्यामोहल्ल्यात कवायत करायची, हातात भाला, तलवार, कुणाकडं बंदूक. ती रस्त्यानं निघाली की आम्ही दुकानाच्या फळ्यांआड सरायचो. आणि तरी शुक्रवारी मॅच व्हायची. दुसरं करणार काय? घरात बसून बायकोचं काळजीनं सुकलेलं तोंड किती वेळ बघायचं?

सीझन सुरू झाला आणि पहिल्या महिन्यातच आमचा डावा आऊट आईबापांना घेऊन नागपूरला गेला तो गेलाच. त्याच्या जागी ज्याला घेतलं त्याला डावा पाय होता एवढंच त्याचं कौतुक. सेंटर फॉरवर्डचं पोट सुटलेलं. मास्तर हाफला खेळायचे आणि चेंडू आला की त्याला धडा शिकवावा तसे विचारात पडायचे. खेळाडू म्हणावा असा एकच होता, आमचा गोलकीपर.

तो मुसलमान होता, स्टेशनात डबे जोडायचं काम करायचा. उंच, हाडकुळा, बोलायला अगदी कमी. हात असे लांब की गोलच्या एका खांबाला टेकून दुसऱ्याकडचा चेंडू काढेल असं वाटावं. आधीची दोन वर्षं आम्ही तळाला जाऊनही गटात टिकलो ते केवळ त्याच्यामुळं. माझा त्याच्यावर जीव होता. मैदानावर सगळ्यांत जास्त शिव्या मी त्यालाच द्यायचो, त्याही त्यामुळंच. मॅच संपली की तो माझ्याजवळून जाताना हसून म्हणायचा, “आज कम दिये भाईसाब.”

त्या वर्षी मात्र तो बिघडला. सुरुवातीला नीट खेळायचा, पण शेवटच्या दहापंधरा मिनिटांत, ऊन उतरलं की, शेंबड्या पोरानं अडवावेत असे गोल खायचा. चेंडू जवळून जायचा आणि हा उभाच. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी गोलच्या मागं जाऊन उभा राहायचो आणि नको नको ते बोलायचो. तो वळून बघायचासुद्धा नाही. आणि मग सीझन संपत आला असताना, ज्या दोन मॅचवर आमचं गटातलं राहणं अवलंबून होतं, त्या दोन्ही शुक्रवारी तो आलाच नाही. निरोप नाही, काही नाही. मास्तरांनी त्या घोडेवाल्याला गोलमध्ये उभं केलं. पहिल्या मॅचला पाच गोल खाल्ले, दुसरीला मी मोजणं सोडलं. क्लब गटातून गेला.

त्या संध्याकाळी स्टेशनसमोरच्या इराण्याकडं आम्ही सातआठ जण बसलो होतो. कुणीतरी विचारलं, गोलकीपर होता कुठं? आणि मी म्हणालो, “कुठं म्हणजे? शुक्रवारी कवायत असते ना त्यांची. खाकी चढवून गेला असेल भाला घेऊन. त्याला आता आपला क्लब कशाला पाहिजे?”

मी त्याला कवायतीत कधी पाहिलं नव्हतं. कुणी मला तसं सांगितलंही नव्हतं. मी हरलो होतो आणि माझं तोंड माझ्या ताब्यात नव्हतं, बस एवढंच. पण एकदा बोलल्यावर सगळे माझ्याकडं बघायला लागले, आणि मला वाटलं, बोललो ते खरंच असणार. पुढच्या आठवड्यात तीच गोष्ट मी आणखी दोन ठिकाणी सांगितली. तिसऱ्या ठिकाणी ती मला दुसऱ्यानं सांगितली, त्यात आता खाकीबरोबर बंदूकही होती. मी मान डोलावली.

सप्टेंबरात हिंदुस्थानचं लष्कर आलं आणि चारपाच दिवसांत सगळं आटपलं. आमच्या घरात साखर वाटली. बायको कित्येक महिन्यांनी गच्चीवर जाऊन उभी राहिली. मला आनंद झाला होता, तो मी नाकारणार नाही. पण मग चौकशा सुरू झाल्या. कोण कवायतीत होतं, कुणी काय केलं, याद्या होऊ लागल्या. ज्यांनी खरोखर माणसं मारली त्यांतले किती सापडले देव जाणे. साधी नोकरीतली माणसं मात्र घरी बसवली जाऊ लागली. आणि इकडं दफ्तरात आमचंही काही खरं नव्हतं. इतकी वर्षं सगळा कारभार उर्दूत, आता बाहेरून आलेले साहेब इंग्रजीत शेरे मारायचे. माझं इंग्रजी म्हणजे आनंदच. आज ना उद्या आपली पाळी, असं प्रत्येक जण मनात धरून होता.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी गोलकीपर माझ्या दारात उभा. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्या घरी आला होता. मी त्याला ओसरीवर बसवलं. दाढी वाढलेली, कोट उसना असावा, बाह्या कोपरापर्यंत वर चढलेल्या. त्याला कामावरून थांबवलं होतं. चौकशीच्या साहेबानं विचारलं होतं, त्या दोन शुक्रवारी कुठं होतास? आणि त्याला सांगता येत नव्हतं.

“का पण?” मी विचारलं.

त्यानं वर चढलेल्या बाह्या खाली ओढल्या. मग म्हणाला, “आँखाँ, भाईसाब. शाम हुई की मेरेकू दिखताच नै.”

रातांधळेपणा. वर्षभर तो ते लपवत होता. रेल्वेत डोळे तपासतात. दिसत नाही म्हटलं की नोकरी गेली. त्यानं हात जोडून दिवसपाळी मागून घेतली होती. शहरापलीकडं एक हकीम फक्त शुक्रवारी गरिबांना बघायचा. तो भाजलेल्या कलेजीचं पाणी डोळ्यांत घालायचा. त्यानं डोळे इतके झोंबायचे की दुसऱ्या दिवसापर्यंत उघडता यायचे नाहीत. ते दोन शुक्रवार तो हकिमाच्या ओट्यावर डोळ्यांना फडकं बांधून पडला होता. हे साहेबाला सांगावं तर नोकरी जाते, न सांगावं तर कवायतवाला ठरतो.

“किसीने उडा दिया मैं कवायत में था कते,” तो म्हणाला. “कौन, मालूम नै. आप तो मेरा हर मॅच देखे. आप सरकारी आदमी, हिंदू आदमी, आपकी बात सुनेंगे. बस इतना बोलना की वो झूट है. आँखों का मत बोलना.”

मी म्हणालो, बोलतो. तो गेल्यावर बायको आतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

“अहो, ते तुम्हीच बोलला होता ना इराण्याकडं? घरी येऊन मला हसत हसत सांगितलं होतंत.”

“हो.”

“मग जाऊन तेवढंच सांगा. मी बोललो, रागात बोललो. अजून काय सांगायचंय त्यात?”

खरंच, त्यात आणखी काही सांगायचं नव्हतं. दोन वाक्यं. हिमायतनगरला चालत जाताना मी ती दोन वाक्यं घोकत गेलो.

चौकशी एका बंगल्यात चालायची. साहेब मुंबईकडचा होता, माझ्याच वयाचा, अगदी स्वच्छ मराठी बोलायचा. मी दोन शब्द बोललो आणि तो हसला. “तुमच्या मराठीत उर्दू फार आहे हो,” म्हणाला. चेष्टेनंच म्हणाला, पण मी पुढचे शब्द निवडून बोलायला लागलो. त्यानं माझं दफ्तर विचारलं, हुद्दा विचारला, ते लिहून घेतलं. माझी नजर त्या लिहिण्यावरच खिळून राहिली. मग त्यानं विचारलं, “हा माणूस कवायतीत जायचा, ही गोष्ट तुम्ही कुणाकडून ऐकलीत?”

त्या क्षणी माझ्यासमोर काय आलं ते सांगतो. एका माणसावर खोटा आळ घेणारा कारकून, असा शेरा माझ्या नावापुढं. घरी बसलेला मी. मी म्हणालो, “लोक म्हणत होते, साहेब.”

“कोणते लोक?”

“असेच. हॉटेलात. सगळेच.”

“म्हणजे काचीगुड्यात सगळ्यांना माहीत होतं.”

“तसं नाही साहेब, पण…” आणि मग मी बोलायला लागलो. तो गोलकीपर कसा चांगला आहे, दोन वर्षं त्यानं क्लब कसा वाचवला, त्याचे हात किती लांब आहेत. पाव तास मी फुटबॉलवर बोललो. साहेबानं एकदाही थांबवलं नाही. टाक खाली ठेवून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मॅचला तो त्या दोन दिवशी नव्हता, हे तरी खरं ना?” मी म्हणालो, “नव्हता.” त्यानं ते लिहिलं आणि मला जायला सांगितलं. बाहेर व्हरांड्यात गोलकीपर बाकावर बसून होता. मला बघून उठून उभा राहिला. मी हातानंच काहीतरी खूण केली आणि जिना उतरलो.

घरी बायकोनं विचारलं, सांगितलंत? मी म्हणालो, सांगितलं. तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. मला वाटतं तिला कळलं होतं. बोलली असती तर बरं झालं असतं.

महिन्याभरात त्याची नोकरी गेली. माझी राहिली, पुढं मी हेडक्लार्क होऊन रिटायर झालो. क्लबचं म्हणाल तर पुढच्या वर्षी अकरा माणसं उभी करताना मास्तरांच्या नाकी नऊ आले आणि त्यांनी क्लब बंद केला. गटातून गेलेल्या क्लबसाठी कुणी हळहळलं नाही. मी त्यानंतर मॅचला गेलो नाही असं नाही, गेलो की. मोठ्या क्लबांच्याही बघितल्या. गप्प बसून बघायचो. शेजारचे म्हणायचे, आवाज बसला का तुमचा?

तो सोलापूरला मेहुण्याकडं निघाला त्या दिवशी सकाळी पुन्हा माझ्या दारात आला. बाहेर टांगा उभा होता, त्यात ट्रंक, गादीची वळकटी आणि बुरख्यात त्याची म्हातारी आई. मी बाहेर गेलो. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, “पूरे मोहल्ले में से आप अकेलेच आए, भाईसाब. बाकी सब मुकर गए.” मग त्यानं मला टांग्याजवळ नेलं आणि आईला सांगितलं, अम्मा, हेच ते. म्हातारीनं बुरखा वर केला. तिनं हात पुढं करून चाचपडत माझं डोकं शोधलं, मी वाकलो, आणि तिनं मला दुवा दिली, माझ्या पोराबाळांना दिली, माझ्या नोकरीला दिली, माझ्या जिभेला दिली, की ती खऱ्यासाठी उठली. बायको दारात उभी राहून ऐकत होती.

मी म्हणालो, “जी, अम्मा.”