आत्याचा फ्रिज

शेळ्या राखताना लांडग्याला दगड मारून पळवून लावणारी आमची बोरीची आत्या जगात एकाच गोष्टीला भिते, ती म्हणजे लाईट जाण्याला. आणि तिच्याकडं लाईट रोजच जाते. तिच्या घरात फ्रिज आहे. पण त्यात दही नाही, भाजी नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. आत फक्त एक लांबट डबी आणि त्या डबीत तिचं महिन्याचं इंजेक्शन. पाहुण्यानं गार पाणी मागितलं, की ती माठाकडं बोट दाखवते. लाईट गेली, की कुणी दार उघडू नये म्हणून फ्रिजलाच पाठ टेकून बसते. मामांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, एकदा भर उन्हाळ्यात आत ताकाचं भांडं ठेवलं. आत्या म्हणाली, "तुमाला ताक पाह्यजे का बायको?" मामांनी विचार करायला जरा वेळच घेतला, असं ती अजून सांगते.

चाळिशीत तिचे हातपाय वाढायला लागले. आधी बांगड्या चढेनात. मग तिला मामांच्या चपला बसायला लागल्या, पुढं त्याही होईनात. जबडा पुढं आला. आवाज असा भारदस्त झाला, की तिनं हाक मारली तर शेजाऱ्याच्याही शेळ्या हिच्या कळपात यायच्या. कुणी म्हणालं सूज, कुणी म्हणालं करणी. शेवटी डोकं सारखं ठणकायला लागलं, बाजूनं आलेली मोटारसायकल दिसेना, तेव्हा मी तिला परभणीला आणि तिथून मोठ्या शहरात नेलं. मेंदूच्या तळाशी बोराएवढी गाठ निघाली. अंगाला वाढवणारा रस ती नको तेवढा सोडत होती. नाकातून ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. आत्या म्हणाली, "करा की. एवढं मोठं नाक उगीच झालंय का?"

ऑपरेशन झालं, पण गाठीचा तुकडा आत चिकटून राहिलाच. म्हणून हे इंजेक्शन, बहुतेक जन्मभराचं. डोकेदुखी गेली, नजर सुधारली. वाढलेली हाडं मात्र मागं फिरत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात वादळानं विजेचे खांब पाडले. आत्यानं डबी फडक्यात गुंडाळली, बर्फाच्या डब्यात ठेवली आणि माझ्याकडं यायला जिंतूरची एसटी धरली. डबा मांडीवर बघून कंडक्टरनं विचारलं, "मावशी, आईस्क्रीम का?"

"हाय की. कुल्ल्यात टोचायचं हाय. देऊ का तुला?"

माझ्या घरी येऊन तिनं आधी फ्रिजमधलं श्रीखंड बाहेर काढलं, डबी आत ठेवली, आणि मग मला विचारलं, "कसा हाईस रे?"

परवा तिच्या मुलाचं लग्न झालं. नवी सून भिंतीवरच्या जुन्या फोटोसमोर थांबली. नाजूक हनुवटीची, हसरी नवरी होती त्यात. "आई, ह्या कोण हो?"

मी घाईनं पुढं झालो.

"मीच हाय," आत्या म्हणाली. "वळखू येईना ना?"

सुनेनं फोटो पाहिला, मग आत्याला पाहिलं. "हसायलात की अजून तशाच."

कंडक्टरपासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना उत्तर देणाऱ्या आत्यानं पदरानं फोटोची काच पुसली. मग हळूच सुनेचा हात हातात घेतला. त्या मोठ्या तळव्यात तो पार दिसेनासा झाला.