म्हशीसकट इंटरला

माझ्याबरोबर खोलीत राहणाऱ्या त्या मित्राएवढा अभ्यासू विद्यार्थी कोल्हापूरच्या कॉलेजात ना त्याच्याआधी कुणी झाला, ना त्याच्यानंतर. दोनदा इंटरला, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, नापास झालेल्या माणसाबद्दल हा काय बोलतोय, असं तुम्हाला वाटेल. पण ज्यांनी त्याला अभ्यास करताना पाहिलंय, ते माझ्याशी भांडणार नाहीत. आणि शिकायला येताना वळकटी, ट्रंक आणि कंदील यांच्याबरोबर स्वतःची म्हैस घेऊन आलेला विद्यार्थी तर अख्ख्या मुंबई राज्यात दुसरा नव्हता, याबद्दल मी कुणाशीही पैज लावायला तयार आहे.

त्याचं गाव मलकापूरच्याही पलीकडे, डोंगराच्या कुशीत. वडिलांचं रान होतं, गोठ्यात जनावरं होती, पण हातात रोकड कधी खुळखुळली नव्हती. पोराला कॉलेजात घालायचं ठरलं तेव्हा वडिलांनी दावणीची एक म्हैस सोडली आणि म्हणाले, "ही घेऊन जा. दूध इक आन् शीक." बाकीच्यांना फीमाफीची नादारी मिळते, कुणाला संस्थानातली जुनी शिष्यवृत्ती मिळते, आमच्या गड्याची शिष्यवृत्ती चार पायांची होती आणि तिला शिंगं होती. तिचं नाव बिजली. चालण्यात इतकी संथ म्हैस मी आजवर पाहिलेली नाही, पण नाव बदलायचं त्याच्या मनात कधी आलं नाही. तिला बांधायला गोठा हवा म्हणून त्याने खोली शोधण्याआधी गोठा शोधला, आणि गोठ्याला लागून खोली होती म्हणून ती घेतली. त्या घराच्या मालकीणबाईंना आम्ही मामी म्हणायचो. मी नंतर राहायला गेलो तेव्हा मामींनी मला बजावलं, "खोलीत दोघंच आहात, पण भिंतीपलीकडं तिसरी आहे. रात्रीची हंबरली तर घाबरायचं नाही."

सकाळ-संध्याकाळ तो बिजलीला घेऊन गंगावेशीतल्या कट्ट्यावर उभा असे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळता पेला हातात द्यायचा, ही आमच्या गावची रीत. इतर गवळी तोवर तपकीर ओढत, कुस्त्यांच्या गप्पा मारत. हा मात्र बिजलीच्या पाठीवर पुस्तक उघडं टाकून मोठ्यांदा वाचत असायचा. पुस्तक ठेवायला इतकी ऐसपैस जागा कॉलेजच्या वाचनालयातही मिळत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. बिजली शेपटीने पान उलटायची असं पोरं सांगायची, ते मात्र खोटं. ती फक्त माशा वारायची, पण पान उलटलं जायचं एवढं खरं.

आमचे तर्कशास्त्राचे प्रोफेसर त्याचे रोजचे गिऱ्हाईक. धोतर, लांब कोट, डोक्याला रुमाल, आणि दूध पिताना मिशीला फेस लागू नये म्हणून मान किंचित वाकडी. वर्गात ते इंग्रजीत शिकवायचे आणि आम्हाला त्यातलं निम्मं डोक्यावरून जायचं. कट्ट्यावर मात्र खरा तास भरायचा. एकदा सरांनी पेला हातात घेत विचारलं, "सगळ्या म्हशी काळ्या, बिजली म्हैस आहे, म्हणून बिजली काळी. बरोबर की चूक?" हा धार काढता काढता म्हणाला, "अनुमान बरोबर हाय सर, पर पयलं वाक्यच खोटं. परवा वडणग्याहून एक भुरी आलती कट्ट्यावर. ती बघितली की तुमचं सगळं गेलं पाण्यात." सर इतके खूश झाले की मिशीला फेस लागला तरी त्यांना पत्ता नव्हता. त्यानंतर आम्हा पोरांची परीक्षेची तयारीही त्याच्याकडेच सुरू झाली. सरांनी तासभर सांगितलेलं तो पाच वाक्यांत सांगायचा, आणि ती वाक्यं खळ्यातली, गोठ्यातली, तालमीतली असायची. ती विसरायची म्हटलं तरी विसरता यायची नाहीत.

मग हा दोनदा नापास कसा झाला? इंग्रजीमुळे. इंग्रजीच्या कागदासमोर बसला की ह्याचा हात लाकडासारखा व्हायचा. दुसऱ्यांदा निकाल लागला तेव्हा वडिलांनी निर्वाणीचं सांगून टाकलं, "आता बास. यंदा गचकलास तर म्हशीसकट घरला यायचं. खालचं रान वाट बघतंय." हा मला म्हणाला, "रानाला काय न्हाय म्हनत न्हाई रं मी. पर मला तर्कशास्त्र शिकवायचं हाय. सरांगत उभं ऱ्हाऊन." एरवी सगळं थट्टेवारी नेणारा माणूस, पण हे सांगताना त्याने मान खाली घातली होती. इतकी साधी इच्छा आणि तीही किती आवाज उतरवून सांगावी माणसाने!

म्हणून त्या वर्षीची दुसरी टर्म आमच्या खोलीत युद्धासारखी चालली. बिजली गाभण असल्याने आटली होती, कट्ट्यावरची मिळकत थांबली होती. हा दुसऱ्यांच्या म्हशी पंचगंगेवर नेऊन धुवायचा आणि घाटावर उभा राहून त्यांना इंग्रजी उतारे पाठ म्हणून दाखवायचा. मामी जेवायला घालायच्या, त्याबदल्यात त्याने त्यांना पहिल्या चिकाचा खरवस कबूल केला होता. जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. आमच्याकडे संमेलनात पोरं एकमेकांची टर उडवायला नाव पुकारून भेटी देत. ह्याला स्टेजवर बोलावून म्हशीच्या गळ्यात बांधायची घंटा दिली. सगळा मांडव हसला. मुलींच्या बाजूने तर जरा जास्तच हसू आलं. ह्याने घंटा कानाशी नेऊन वाजवली, नाद नीट ऐकला आणि माइकपाशी जाऊन म्हणाला, "नाद झ्याक हाय. आनखी एक असती तर जोडी झाली असती." दुसऱ्या दिवशी ती बिजलीच्या गळ्यात होती. थट्टा करणारे हिरमुसले.

शिमगा आला, रंगपंचमी आली. आख्खं गाव रंगात न्हाऊन निघालं, पण आमच्या दाराला आतून कडी होती. इंग्रजीचा पेपर झाला आणि हा हॉलबाहेर आला तो हसतच. "सगळं लिवलं गा," म्हणाला, "एक बी सोडलं न्हाई." मी त्याला मिठी मारली. आता पुढचा होता तर्कशास्त्राचा, म्हणजे ह्याच्या घरचाच. हॉलबाहेर सरांनी ह्याची पाठ थोपटली आणि म्हणाले, "आता तुम्हाला कुणी अडवत नाही."

अडवलं ते बिजलीने. खरं तर तिने तरी कुठे, ह्याच्या हिशेबाने. म्हैस वटपौर्णिमेला फळली होती. दहा महिने आणि वर थोडे दिवस, म्हणजे चैत्रात जोतिबाची यात्रा उलटली की व्यायची. तोवर परीक्षा संपलेली. हा हिशेब त्याने मला, मामींना आणि सरांनाही समजावून सांगितला होता. मामी दोन दिवस म्हणत होत्या, "अरे, कास भरलीय तिची. मला लक्षण बरं दिसत नाही." एरवी म्हशीच्या नुसत्या कानाच्या हलण्यावरून तिच्या पोटातलं ओळखणारा हा माणूस, पण त्या दोन दिवसांत त्याने नीट पाहिलंच नाही. "मामी, हिशेबात अजून महिना हाय," एवढं म्हणून तो पुस्तकात डोकं घालायचा. पेपरच्या दिवशी सकाळी बिजली उठ-बस करायला लागली, तिला कळा सुरू झाल्या, तेव्हा मामी गोठ्याच्या दारात कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अरे मुला, यंदा भाद्रपद दोन झाले की! तो अधिक महिना धरलास का तू?"

ह्याने बोटांवर महिने पुन्हा मोजले. आणि मग म्हणाला, "अनुमान बरोबर हुतं मामी. पयलं वाक्यच चुकलं."

पेपर अकराचा होता. नेहमीसारखी व्याली असती तर तासाभरात मोकळी झाली असती, पण रेडकाचा एक पाय मागे दुमडला होता. जनावरांचे डॉक्टर कुठल्याशा खेड्यात गेले होते. आरडाओरडा ऐकून शेजारच्या तालमीतले दोन पैलवान लंगोटावर लुंग्या गुंडाळून धावत आले. त्यांचं मन सोन्यासारखं, पण उपाय एकच. "दोर लावा पायाला, दोघं मिळून वडतो," थोरला म्हणाला, "पावनं, तुम्ही जावा बिनघोर पेपरला." ह्याने पुस्तक उचललं, कोपऱ्यापर्यंत गेला आणि मागे वळून पाहिलं. पैलवान मांडीवर शड्डू ठोकत होते. तिथून तो परत फिरला. "ती काय कुस्ती हाय व्हय रं?" म्हणत त्याने सदरा काढला, हातांना कोपरापर्यंत तेल चोपडलं आणि मला ओरडून सांगितलं, "तू जा! तुझा पेपर बुडवू नगंस. मी येतोय मागनं."

हॉलमध्ये माझी जागा दाराजवळ होती आणि त्या दिवशी देखरेखीला नेमके तर्कशास्त्राचे सरच होते. पेपर वाटून झाले, ह्याच्या बाकावरचा तसाच पडून होता. अर्ध्या तासानंतर कुणालाही आत घ्यायचं नाही, हा नियम. सर दर थोड्या वेळाने दाराशी यायचे, फाटकाकडे पाहायचे आणि परत फिरायचे. अर्ध्या तासाची घंटा झाली तरी ते दारातच थांबले. त्यानंतर बऱ्याच वेळाने हा धावत आला. आंघोळ करायलाही थांबला नव्हता. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं की आता ते नियम मोडणार. पण ते आयुष्यात कधी नियम मोडलेले गृहस्थ नव्हते.

"काय झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"रेडी झाली, सर."

"बऱ्या आहेत ना दोघी?"

"व्हय सर. उभी बी ऱ्हायली."

सरांनी त्याच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं. "मग तुम्ही जा आता. तिला एकटीला ठेवू नका." हा बरं म्हणून वळला. एक पेपर बुडाला म्हणजे सगळी परीक्षा बुडाली, हे तिथे त्या दोघांनाही माहीत होतं आणि दाराजवळ बसलेल्या मलाही. मी पुढे काय लिहिलं ते मला आजही आठवत नाही.

दुपारी घरी आलो तर हा गोठ्यात भिंतीला टेकून बसला होता. मला बघून म्हणाला, "पेपर दाव." मी दिला. त्याने पहिल्या प्रश्नापासून सुरुवात केली आणि एकेका प्रश्नाचं उत्तर तोंडी देत गेला. रेडी लुचत होती, बिजली तिला चाटत होती, आणि हा बोलत होता. मधेच केव्हातरी सर दारात येऊन उभे राहिले होते. मामींनी त्यांना पाट दिला, ते गोठ्यातच बसले. शेवटचं उत्तर झाल्यावर ह्याने विचारलं, "सर, लिवलं असतं तर कितवा वर्ग पडला असता?"

"पहिला," सर म्हणाले.

"मग बास की," असं म्हणून हा उठला आणि मामींसाठी खरवसाचा चीक काढायला बसला. त्याची समजूत पटली असेल. माझी अजून पटलेली नाही.

पुढच्या पेपराआधी चार दिवस सुट्टी होती, तेवढ्यात वडिलांकडे निरोप गेला आणि उत्तर आलं ते त्यांच्या गावच्या गाडीवानाबरोबर. गुळाच्या ढेपा उतरवून गाडी रिकामी परत चालली होती. रेडीला गाडीत घालायचं, बिजलीला मागे बांधायचं आणि चालू लागायचं, असं वडिलांचं सांगणं. मामींनी बिजलीला हळदकुंकू लावलं आणि रडू लागल्या. पैलवान बिचारे लाजून लांबच उभे होते. मी पंचगंगेच्या पुलापर्यंत सोबत गेलो. वाटेत काही बोलावं असं खूप वाटत होतं, पण तोच बोलत होता. बिजलीचा चारा, रेडीचं नाव काय ठेवायचं, असलं काहीबाही. पुलावर त्याने माझा हात धरला. "आता माघारी जा," म्हणाला, "उद्या तुझा अर्थशास्त्राचा हाय. शेतमालाच्या किमतीचं प्रकरन बघून जा, हमखास येतंय. मी तुला ऊसवाल्याची गोष्ट सांगिटलेली, तीच ल्ही." आणि रत्नागिरीच्या रस्त्याने, गाडीमागून, बिजलीच्या चालीने तो निघून गेला. पुन्हा कॉलेजात आला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात पहिलाच प्रश्न त्या प्रकरणावरचा होता. मी ऊसवाल्याची गोष्ट लिहायला घेतली. त्याचे शब्द सगळेच्या सगळे आठवत होते, फक्त कागदावरचं नीट दिसत नव्हतं. पुढे निकाल लागला, मी पास झालो, शिकत गेलो आणि आज एका कॉलेजात शिकवतोही. फळ्यापुढे उभा राहिलो की कधी कधी वाटतं, इथे तो उभा असायला हवा होता. पोरांना जास्त समजलं असतं.