सुभेदारसाहेबांची कंबर

"कसं काय?" असं विचारलं की सुभेदारसाहेब आधी टाचा जुळवायचे, मग छाती पुढे काढून म्हणायचे, "सब ठीक!" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. अंगात ताप असला तरी ती विचारणाऱ्यावरच डाफरतात.

एकाहत्तरच्या लढाईनंतर सोलापूरच्या एका दवाखान्यात आम्ही माजी सैनिकांसाठी वर्ग घेत असू. मी तिथली व्यायाम शिकवणारी बाई. जुनं दुखणं पुरतं जात नाही, पण लपवलं की वाढतं. तेव्हा दुखायला लागताच सांगा, थोडं थांबा, पुन्हा हालचाल करा, एवढंच शिकवायचं होतं. त्यासाठी प्रत्येकाने आपलं दुखणं सगळ्यांसमोर सांगायचं. झालं! हुद्द्याने मोठे म्हणून पहिला मान सुभेदारसाहेबांचा. ते म्हणाले, "सब ठीक." मग नाईक, शिपाई, सगळ्यांचंच सब ठीक. सुभेदार ठणठणीत असताना शिपायाने कण्हायचं कसं? मी नुसती चडफडायची.

ते करमाळ्याकडच्या केम गावाहून पॅसेंजरने येत आणि वर्गभर भिंतीजवळ उभे राहत. बसा म्हटलं तर म्हणत, "उभं ऱ्हायची सवय हाय, बाई."

एकदा त्यांच्या पत्नी बरोबर आल्या. मला जिन्याखाली गाठून हळूच म्हणाल्या, "बसलं की उटवत न्हाय त्यास्नी, म्हून बसत न्हाईत. घरी माज्या खांद्याला धरून उटत्यात. कुणी दारात आलं की हात काडून घेत्यात. लई लाज वाटती त्यास्नी."

त्याच दिवशी वर्गात एक तरुण शिपाई गुडघा वाकवता वाकवता घेरी येऊन पडला. तोंडावर पाणी मारून त्याला उठवलं. "दुखत होतं तर बोलायचं नाही का?" मी ओरडले.

तो सुभेदारसाहेबांकडे बघत म्हणाला, "साहेब बोलत न्हाईत, मी कसा बोलू?"

सुभेदारसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी टाचा जुळवल्या. "माजी कंबर दुखती. लई दुखती. गोळीबिळी न्हाय लागली, ट्रकातनं उतरताना पडलो. बायकोनं धरल्याबिगर उटवत न्हाय." मग आवाज चढवून म्हणाले, "आता तुमी बोला. समदे!"

आणि सगळे बोलू लागले. कुणाचा खांदा, कुणाची मान, कुणाच्या तर कापून टाकलेल्या पायाचा अंगठा. सुभेदारसाहेब खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे कान लाल झाले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या वर्गाला ते आले नाहीत, नंतरही कधी आले नाहीत. बाकीचे येत राहिले, बोलत राहिले, थोडे थोडे सुधारलेही. भिंतीजवळची ती जागा मात्र कुणी घेत नसे.

पुढे एकदा करमाळ्याच्या बाजारात ते दिसले. हातात काठी होती. बरं वाटून मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं, काठी पाठीमागे नेली आणि टाचा जुळवल्या. ओठ हलले, पण शब्द काही आला नाही. तोल जायला लागला तसा शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या पत्नींनी खांदा पुढे केला, तरी ते माझ्याकडे बघत तसेच ताठ उभे.

मग मी पाठ फिरवली, त्यांना तो खांदा धरता यावा म्हणून.