मिस व्हर्नाची बदकीण

आमच्या हॉलिस लेक गावात व्हर्ना डालक्विस्टला लोक चेहऱ्याआधी आवाजाने ओळखायचे. गावच्या वाचनालयातला लहान मुलांचा विभाग ती सांभाळायची आणि मंगळवारी-शुक्रवारी सकाळी गोष्टींचा तास घ्यायची. चित्रांचं पुस्तक मुलांकडे तोंड करून छातीशी धरायचं, नजर मुलांच्या चेहऱ्यांवर ठेवायची आणि पानाकडे न बघता वाचत जायचं, ही तिची रीत. तिचा लांडगा पोटातून बोलायचा, म्हातारी नाकातून. तिचं दार असं करकरायचं, की एकदा आमच्या रखवालदाराने उठून खरोखरच्या दाराच्या बिजागरीत तेल सोडलं होतं. धान्याच्या कोठारावर काम करणारे चाळिशीचे बाप्ये अजूनही एकमेकांना लांबून हाक मारतात ती तिच्या घुबडाच्या आवाजात.

मी त्याच वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलावर बसायचे. नवऱ्याच्या नोकरीपायी मिनेसोटात आले आणि इथलीच होऊन गेले. माझी दोन्ही मुलं व्हर्नाच्या सतरंजीवर बसून मोठी झाली.

तिने लग्न केलं नव्हतं. ती आणि तिची थोरली बहीण आर्डिस, दोघी तळ्याकाठच्या घरात राहायच्या. आर्डिसची जीभ तिखट. "हिला पगार बोलण्याचा मिळतो," ती सगळ्यांना सांगायची, "पण फुकट ऐकावं लागतं मला."

ऑक्टोबर हा व्हर्नाचा खास महिना. वाचनालयाच्या पायऱ्यांवर भोपळे यायचे, खिडक्यांना काळ्या कागदाची वटवाघळं लागायची, आणि हॅलोविनच्या, म्हणजे मुलांनी सोंगं घेऊन फिरायच्या सणाच्या आठवड्यात ती एकामागून एक भुताखेतांची चित्रपुस्तकं काढायची. मुलांना भीती किती द्यायची याचा तिला अचूक अंदाज होता. एखाद्याचा ओठ थरथरायला लागला की तिचं भूत मध्येच शिंकायचं, आणि सगळी सतरंजी खिदळायला लागायची.

एका वर्षी वसंतात तिच्या गळ्यात गाठ आली. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली, आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण शुद्धीवर आल्यावर तिने पाणी मागितलं ते कोणाला कळलंच नाही. आवाजाची नस दुखावली होती. घशातून नुसती हवा आणि खरखर यायची. डॉक्टर म्हणाले, आवाज परत येईल किंवा येणार नाही, सांगता येत नाही. उन्हाळाभर ती व्यायाम करत राहिली. आर्डिस स्वयंपाकघरातून ओरडायची, "मोठ्याने म्हण, इथवर काही येत नाहीये!" आणि मग बाहेर अंगणात जाऊन उगाच कपडे वाळत घालत उभी राहायची.

सप्टेंबरात व्हर्ना कामावर आली. गळ्याला करडा मफलर, हातात पुस्तक, नेहमीची खुर्ची. तिने पहिलं वाक्य वाचलं आणि पुढच्या रांगेतला एक छोटा मुलगा आईकडे पळाला. पेट्रा नावाची चार वर्षांची, दोन शेंड्यांची मुलगी मात्र बसून राहिली. तिने व्हर्नाकडे नीट निरखून पाहिलं आणि मागे वळून आईला मोठ्याने सांगितलं, "ही मिस व्हर्ना नाहीये."

"पेट्रा!" आई ओशाळली.

"नाहीये. मिस व्हर्नाचा आवाज वेगळा असतो."

व्हर्नाने ते पुस्तक कसंबसं पुरं केलं. पुढच्या आठवड्यापासून आमचे प्रमुख वॉरन हेल्स्टॅड यांनी वाचायला कर्बी नावाच्या नव्या पोराला बसवलं. वॉरन मनाने चांगला माणूस. त्यांनी तिला आपल्या खोलीत बोलावून, चहा देऊन, हळू शब्दांत सांगितलं. ती मान हलवून बाहेर आली आणि शेल्फांवरची पुस्तकं लावायला लागली, जी आधीच नीट लावलेली होती.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला हॅलोविनचं ठरवायला आम्ही सगळे बसलो. कोण काय करणार असं चाललं होतं. वॉरन एकदम खूश होऊन म्हणाले, "व्हर्ना, तू चेटकीण हो ना! आवाज तर तयारच आहे."

सगळे हसले. मीही हसले. व्हर्नाही हसली. मग ती उठून मागच्या खोलीत गेली.

थोड्या वेळाने मी गेले तर ती कात्रीने नारिंगी कागदाच्या पट्ट्या कापत बसली होती.

"त्यांना तसं म्हणायचं नव्हतं गं," मी म्हटलं.

"माहीत आहे." तिचं बोलणं ऐकायला वाकावं लागायचं. "आणि कल्पना वाईट नाही, शैला. मुलं घाबरतीलच. मला तेच नकोय." ती थांबली, श्वास घेतला. "इतकी वर्षं मी त्यांना भीतीला हात लावून बघायला शिकवलं. आता मीच भीती होऊन बसू?"

मी दुसरी कात्री घेऊन तिच्याबरोबर पट्ट्या कापायला लागले.

दोन दिवसांनी ती रद्दीत काढलेल्या पुस्तकांच्या खोक्यातून एका चित्रपुस्तकाच्या दोन फाटक्या प्रती घेऊन आली. हॅलोविनसाठी सोंग शोधायला निघालेल्या बदकिणीची गोष्ट होती ती. बदकीण एकेका दारी जाते; कोणी तिला बटणं देतं, कोणी गवताची शेपटी, कोणी पानांचा मुकुट. सगळं अंगावर चढवून ती घरी येते तर तिची पिल्लंच तिला ओळखत नाहीत. पुस्तकात शब्द अगदी थोडे, सगळं चित्रांत.

"पानं फाडायची," व्हर्ना म्हणाली.

मी दचकले. पुस्तकाचा कोपरा दुमडला तरी मोठ्या माणसांनासुद्धा दटावणारी ही बाई.

"पानाच्या दोन्हीकडे चित्रं आहेत, म्हणून दोन प्रती. पानं मेन स्ट्रीटवरच्या दुकानांच्या काचांत लावायची. मुलं चालत जातील. पानात बदकीण जे करते ते तिथे करायचं." एवढं बोलून ती दमली. बाकीचं तिने हातांनी दाखवलं.

पुढचे दिवस ती दुकानादुकानांत फिरली. बोलणं जमेना म्हणून पुस्तक उघडून काउंटरवर ठेवायची आणि बोट दाखवायची. हार्डवेअरवाल्या ऑर्विलने बटणांचा डबा आणि जुनी पोती काढून दिली. पशुखाद्याच्या दुकानाने पेंढ्याच्या गासड्या देऊ केल्या. बेकरीवाली डोलोरेस म्हणाली, "माझ्या पानावर बदकीण काय खातेय? डोनट? मग मी दोरीला डोनट टांगते. हात मागे बांधून खायचे. आमच्या आजोबांच्या शेतावर असंच असायचं." न्हाव्याने फक्त विचारलं, "माझ्याकडे केस भादरायचे नाहीत ना कोणाचे?"

शेवटच्या थांब्यावर बसवायच्या पेंढ्याच्या बदकिणीसाठी आर्डिसने जुन्या पडद्याची शाल शिवली. "ही मुकी झाल्यापासून मला जास्त काम लागलंय," ती म्हणाली, पण शालीला झालर तिने आपणहून लावली होती.

हॅलोविनच्या आधीच्या शनिवारी दुपारी मुलं जमली. आमच्याकडे सोंगं मोठ्या मापाची घेतात, कारण आत बर्फातला जाड कोट घालावा लागतो. त्यामुळे सगळेच राक्षस, पऱ्या आणि वाघ गुबगुबीत दिसत होते. वारा बोचरा होता. ठरल्याप्रमाणे प्रत्येक थांब्यावर कर्बी पानावरचं वाक्य वाचणार होता आणि मग मुलं तिथलं काम करणार होती.

पहिल्याच थांब्यावर बेत फसला. कर्बीने तोंड उघडलं, पण वाऱ्यात एक शब्द ऐकू येईना. तो पानाला नाक लावून मोठ्याने वाचत राहिला आणि मुलं त्याच्या कमरेखालून घुसून काचेला चिकटली.

"ती बटणं मागतेय!"

"नाही, ती बटणं खातेय."

"बदकं बटणं नाही खात. ती डोळ्यांसाठी घेतेय. तिला भूत व्हायचंय."

व्हर्ना बाजूला उभी होती. तिने बटणांचा डबा उघडून खाली ठेवला, एवढंच केलं. मुलांनी पोत्यांवर बटणं चिकटवली. कोणी डोळे केले, कोणी पोटावर रांग लावली. मग पशुखाद्याच्या दुकानासमोर त्यांनी जुन्या विजारीत पेंढा कोंबून बुजगावणं केलं. न्हाव्याच्या दारात ओकची पानं ओवून मुकुट केले. डोलोरेसच्या दोरीखाली साखरेने माखलेली तोंडं वर करून उड्या मारल्या. एका वाघाने तर डोनटऐवजी शेजारच्या परीच्या पंखाचा चावा घेतला. प्रत्येक काचेपुढे गोष्ट नव्याने सांगितली जात होती, आणि दर वेळी वेगळी. बदकीण कधी डॉक्टरकडे चालली होती, कधी आजीकडे, कधी घरातून पळून. कर्बीने वाचणं केव्हाच सोडलं होतं आणि तोही मुलांबरोबर वाद घालत होता.

शेवटचं पान वाचनालयाच्या हिरवळीवर, झाडाला बांधलं होतं. आर्डिसची झालरवाली शाल घालून पेंढ्याची बदकीण तिथे बसली होती. मुलं तिच्याभोवती बसली. पेट्राने वाघाची शेपटी लावली होती. ती बदकिणीकडे न जाता व्हर्नाच्या समोर जाऊन उभी राहिली. सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच.

"तू मफलर का घालतेस?"

"थंडी आहे," व्हर्ना कुजबुजली.

"आतमध्ये पण घालतेस."

पेट्राची आई घाईने पुढे आली. "सोन्या, असं विचारू नये. चल इकडे."

व्हर्नाने हाताने तिला थांबवलं.

"तुझा आवाज तिथून काढला?" पेट्राने विचारलं.

"गाठ काढली. आवाज चुकून दुखावला."

"दाखव ना."

तिथे बऱ्याच आया उभ्या होत्या, वॉरन होते, ऑर्विल दुकान बंद करून आला होता. व्हर्नाने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. मग पेंढ्याच्या गासडीवर बसली आणि मफलर सोडला. गळ्यावर गुलाबी रेघ होती, हसऱ्या तोंडासारखी वाकडी. मीसुद्धा ती तेव्हाच पाहिली.

पेट्राने जवळ जाऊन पाहिलं. "दुखतं?"

"आता नाही."

"मला पण आहे." तिने वाघाचा पाय वर ओढला, कोट वर ओढला, मोजा खाली केला आणि गुडघा दाखवला. "सायकलवरून."

"माझी बघ! कुत्रा चावला!" मागून एक राक्षस ओरडला. मग काय, सगळेच उठले. हनुवटीवरचे टाके, कोपराची खपली, कांजिण्यांचा वण. एका परीकडे काहीच नव्हतं म्हणून ती रडवेली झाली, तेव्हा व्हर्नाने तिच्या हातावरची लस टोचल्याची खूण शोधून दिली. ती एकेकासमोर वाकायची, नीट पाहायची, "कसं झालं?" विचारायची, आणि त्या खरखरीत आवाजाला कोणीही दचकत नव्हतं. ऐकायला मुलं तिच्या तोंडाशी कान नेत होती.

वॉरन माझ्या शेजारी उभे होते. ते हळूच म्हणाले, "चेटकिणीचं मी बोललो ते फार वाईट बोललो, नाही?"

"तिलाच सांगा," मी म्हटलं. त्यांनी सांगितलं, त्याच दिवशी, खुर्च्या आत नेताना. ती म्हणाली, "पुढच्या वर्षी चेटकीण तुम्ही व्हा." आणि ते खरंच झाले.

आवाज परत आला नाही. गोष्टींचा तास कर्बीकडेच राहिला आणि व्हर्नाने पुस्तकांतून हाताने करायच्या गोष्टी काढायला सुरुवात केली. उकडलेल्या शेवया डब्यात भरून अंधाऱ्या तळघराच्या पानाशी चाचपायला द्यायची, चादरीखाली चार मुलांचं एक भूत करायची, भोपळा गडगडत नेऊन तो पुस्तकातल्यासारखा वळतो का ते बघायची. शेजारच्या गावांतून लोक मुलांना घेऊन यायला लागले.

पण सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. शुक्रवारी सकाळी कधी कधी ती दाराआड उभी राहून कर्बीचं वाचन ऐकायची. एकदा मी तिला तसं पाहिलं.

"त्याचा लांडगा फार सभ्य आहे," ती म्हणाली. डोळे भरले होते.

"सांग ना त्याला."

"सांगितलं. सुधारतोय." मग ती म्हणाली, "मला वाटायचं मुलं माझ्या आवाजासाठी येतात. ती चित्रांसाठी येत होती, शैला. हे कळल्यावर वाईट वाटलं, आणि हलकंही वाटलं. दोन्ही एकदम. अजूनही कुठलं जास्त ते ठरत नाही."

निवृत्तीनंतर दोघी बहिणी तळ्याकाठीच राहिल्या. हॅलोविनच्या संध्याकाळी मुलं दारोदार गोळ्या मागत फिरतात, तेव्हा त्यांच्या दारात गर्दी असते. आर्डिस दार उघडते आणि "कोण रे तुम्ही, ओळखूच येत नाही!" असं ओरडते. व्हर्ना तिच्या मागे खुर्चीत बसलेली असते. मुलं आर्डिसच्या हाताखालून आत शिरतात, व्हर्नासमोर उभी राहतात, आणि आपण या वर्षी कोण झालोय ते तिला सांगायला लागतात. ती मान पुढे करून ऐकत राहते.