बठ्ठा नावाचा माणूस

हसनैन पिंजारी मला पहिल्यांदा भेटला तेव्हा जळगावातल्या आमच्या ऑफिसची तावदानं थरथरली, खालच्या दवाखान्यात निव्वळ सर्दीसाठी आलेल्या माणसाचं ब्लडप्रेशर वाढलं, आणि तिकडे बोदवड स्टेशनात उभी असलेली मालगाडी शिट्टी झाली समजून चालू पडली. मी फक्त एवढंच विचारलं होतं, "तो सगळ्यांचा पासवर्ड काय आहे हो?"

"सगळ्यांचा?" हसनैन खुर्चीतून उठला. माणूस साडेपाच फुटांचा, पण उठताना सात फुटांचा झाला. "सगळ्यांचा टूथब्रश असतो का भाऊ? घरात सगळे मिळून एकच चष्मा घालता का?"

मी नुकताच कामाला लागलो होतो. आमची कंपनी जिनिंग मिलमधल्या वजनकाट्यांचं सॉफ्टवेअर करते आणि त्याची मराठी माहितीपुस्तकं मी लिहितो. सॉफ्टवेअर म्हणजे एक अखंड वस्तू असते, अशी माझी समजूत होती. तसं नसतं. ते शेकडो तयार तुकड्यांचं बनतं. हे तुकडे दूरच्या एका सर्व्हरवर ठेवलेले असतात आणि ज्याला लागतील त्याने तिथून उतरवून घ्यायचे असतात. त्या जागेला ऑफिसात सगळे गोदाम म्हणत. गोदामात माल कोणी ठेवायचा, कोणी फक्त उचलायचा आणि कोणी फाटकाशीसुद्धा फिरकायचं नाही, हे हसनैन ठरवायचा. अकरा वर्षं ठरवत होता.

त्याने मला माझी स्वतंत्र चावी काढून दिली. चावी म्हणजे चाळीस अक्षरांची, देवालाही वाचता येणार नाही अशी एक ओळ. "व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही. कागदावर लिहायची नाही. वहिनींना सांगायची नाही."

"ती काय करणार आहे हिचं?"

"तेच म्हणतो मी. मग सांगता कशाला?"

दोन महिन्यांनी मी माहितीपुस्तकाच्या बाराव्या पानावर 'चावी अशी दिसते' असं लिहून खाली नमुना म्हणून माझीच चावी छापली. चाळीस अक्षरं, मुद्रणाची एकही चूक नाही. हसनैनने दहा मिनिटांत ती रद्द केली, नवी दिली आणि पुढचे चार दिवस माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी बोलला, तेव्हा चार दिवसांचं एकदम बोलला.

हसनैन शिरपूरकडचा. घरात हिंदी, गल्लीत अहिराणी, ऑफिसात मराठी आणि रागात तिन्ही. गोदामातून माल उचलायची परवानगी द्यायला त्याने एक गट केला होता. आमची तेवीस माणसं आणि मिलमधले एकशे बारा काटे, सगळे त्यात, प्रत्येकाची चावी वेगळी. गटाचं नाव त्याने ठेवलं 'बठ्ठा'. अहिराणीत बठ्ठा म्हणजे सगळे.

"ऑल का नाही ठेवलंस?" मी विचारलं होतं.

"ऑल म्हटलं की कोणीच दिसत नाही. बठ्ठा म्हटलं की माणसं दिसतात."

दिवाळीनंतर पुण्याहून नवीन सर आमचे मॅनेजर म्हणून आले. आल्या आल्या त्यांनी साफसफाई सुरू केली. जुन्या खुर्च्या गेल्या, जुने कप गेले. माझ्याकडेही त्यांनी एकदोनदा निरखून पाहिलं.

मग एका सोमवारी सकाळी सगळे फोन एकदम वाजायला लागले. फोनवर असायची ज्योती. पहिला फोन शिरपूरच्या मिलचे प्रेमराजनाना यांचा.

"बाई, काटा उघडत नही. फाटकपासून रस्तापर्यंत ट्रॅक्टर उभा शेतस! लोके माले खाई जातीन!"

काटे सकाळी सुरू होताना गोदामातून ताजा तुकडा घेतात. तो मिळाला नाही तर उघडत नाहीत. एकशे बारांपैकी एकही उघडला नव्हता. कापसाचा ऐन हंगाम.

नवीन सर काचेच्या खोलीतून बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "हसनैन, तुझ्या चाव्यांची मुदत संपली आणि तू विसरलास. नानांना जबाबदार माणसाचं नाव लेखी हवंय. मी तुझं देतोय. अशा चुकीनंतर कोणाला ठेवता येत नाही, तुला कळतंय ना?"

अकरा वर्षांत एकही चावी शिळी होऊ न दिलेल्या माणसाला हे! तावदानं आता फुटणार म्हणून मी टेबलाखालची जागा पाहून ठेवली. पण हसनैन ओरडला नाही. त्याने हळूच विचारलं, "ज्योती, नानांना विचार, पडद्यावर आकडा कोणता येतोय? चारशे एक का चारशे तीन?"

ज्योतीने विचारलं. "चारशे तीन म्हणतात."

"चारशे तीन!" आता मात्र तावदानं थरथरली. "सर, चारशे एक म्हणजे वॉचमन विचारतो, तू कोण शे? चावी शिळी झाली की हे येतं. चारशे तीन म्हणजे वॉचमन म्हणतो, तू कोण ते मला माहीत शे, पण तुला आत सोडायचं नाही असं वरून सांगितलंय. माझ्या चाव्या चांगल्या आहेत. वरून कोणी सांगितलं ते बघू!"

त्याने गोदामाची नोंदवही उघडून पडदा सगळ्यांकडे फिरवला. रविवार, दुपारी सव्वाबारा. नवीन सर. 'बठ्ठा' काढून टाकला.

"हो, तो मीच काढला," नवीन सर म्हणाले. "सोडून गेलेला माणूस ना तो? यादीत नाव आहे, हजेरीत नाही. एचआरला विचारलं, त्यांच्याकडे त्याची फाइलसुद्धा नाही. मला वाटलं कोणी पंजाबी असेल."

ज्योतीने फोनवर हात ठेवला, पण हसू बोटांतून बाहेर आलं. हसनैन हसला नाही.

"तेवीस माणसं, एकशे बारा काटे! बठ्ठास्ले काढी टाकं तुम्ही! एकदा विचारायचं होतं. मी तिथेच बसतो, तुमच्या काचेसमोर. अकरा वर्षं!"

गट परत उभा करायला त्याला चार मिनिटं लागली. तेवढ्यात फोनवर सगळं ऐकत असलेले नाना ज्योतीला विचारत होते, "बाई, हाऊ बठ्ठा कोन शे?"

"तुम्हीच शेतस नाना."

काटे उघडले. ट्रॅक्टर हलले. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण नानांना लेखी द्यायचं होतं आणि नवीन सरांनी इंग्रजीत लिहिलं: 'अस्पष्ट स्थानिक नावामुळे गैरसमज. जबाबदार: ह. पिंजारी.' खाली हसनैनच्या सहीला जागा. सही केली तर नोकरी राहील, असं त्याला सांगण्यात आलं. लाखो माणसं ज्या शब्दाने जेवायला हाक मारतात, तो शब्द अस्पष्ट! नानांसाठी तो कागद मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं. मी नाही म्हणायला हवं होतं. मी केला. मुद्रणाची एकही चूक नाही.

हसनैनने तो वाचला, घडी घातली आणि माझ्या टेबलावर ठेवला. "चूक करीन त्या दिवशी सही करीन भाऊ."

तो आता धुळ्याच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. त्याच्या जागी कोणाला घेतलं नाही. गटाचं नाव आता 'ऑल' आहे. वेगळ्या चाव्या सांभाळायला माणूस नाही, म्हणून सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड ठेवलाय. तो मला पाठ आहे.